दगडाखाली गेलेला गाणारा

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी गोंदियाच्या पुढे आमगाव, धानोली, सालेकसा मागे टाकते. भाताच्या बांध्या विरळ होतात आणि दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येऊ लागतो. तिथे दरेकसा. या मार्गावरचे महाराष्ट्राचे हे शेवटचे स्थानक. पुढचे बोरतलाव छत्तीसगडात. बाहेरच्या माणसाला हे नाव दोन कारणांनी ऐकून माहीत असते. पावसाळ्यात हाजरा धबधबा बघायला येणारे दरेकसाचे नाव घेतात, आणि वर्तमानपत्रांत गेली कित्येक वर्षे ते एका नक्षल दलमाच्या नावात छापून येत राहिले. गोंड माणसाला मात्र दरेकसा म्हटले की यातले काहीच आधी आठवत नाही. त्याला आठवते धनेगाव, तिथून वर जाणारी पायवाट आणि कचारगडची गुंफा. माघ पौर्णिमेच्या सुमारास पाच-सहा राज्यांतून माणसे इथे येतात. सतरंगी झेंडे असतात, डोक्यावर शिधा-भांडी असतात, एकमेकांना 'जय सेवा' म्हणत रांग डोंगर चढत असते. त्या दिवसांत पळस नुकता फुलायला लागलेला असतो.

ही माणसे ज्या गोष्टीसाठी येतात तिच्यात एक मृत्यू आहे. मला या लेखात त्या मृत्यूबद्दल बोलायचे आहे.

कथा अशी सांगतात. कली कंकालीची तेहतीस मुले होती. दांडगी, कुणाला न जुमानणारी. शंभूने त्यांना या गुंफेत कोंडले आणि तोंडावर शिळा लावली. बाहेर आई रडत राहिली. जंगो रायताड तिच्या बाजूने उभी राहिली आणि गोष्ट पारी कुपार लिंगोपर्यंत पोचली. लिंगोने ओळखले की बाहेरून कितीही जोर लावला तरी ही शिळा हलायची नाही. आतल्या मुलांच्या अंगात बळ यायला हवे. म्हणून हिरासुका पाटालीर या वादकाला पुढे केले गेले. तो गुंफेच्या तोंडाशी बसला आणि किंगरी वाजवू लागला. सूर आत पोचले, अंधारात खचलेल्या मुलांच्या अंगात संचार झाला, सगळ्यांनी एकदम रेटा दिला आणि शिळा निखळून गडगडत खाली आली. तिच्या वाटेवरच हिरासुका बसला होता. मुले सुटली आणि तो तिच्याखाली गेला.

मुलांचे पुढे काय झाले हे गोंड समाजात लहान पोरालाही सांगता येते. लिंगोने त्यांना शिकवले, त्यांचे सगे, म्हणजे देवांच्या संख्येवरून कुळांचे गट, बांधले: चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. लग्न कुणाशी लावायचे आणि कुणाशी नाही, हे आजही त्याच हिशेबाने ठरते. साडेसातशे गोत्रांची मोजणी तिथूनच निघते. म्हणजे एका अख्ख्या समाजाची घडी त्या शिळेच्या पलीकडे सुरू होते. आणि शिळा ज्याच्या अंगावर आली त्याची समाधी कुठेही नाही. नावाचा दगड नाही, छत्री नाही, तिथी नाही. आहे तो डोंगराचा उतार आणि खडक. वर पोचलेली माणसे त्या खडकाला तळवा टेकतात, क्षणभर तशीच थांबतात आणि पुढे जातात.

मी हे शहरातल्या शिकलेल्या मित्रांना सांगतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याला पुरावा काय? हिरासुका कोणत्या शतकातला? प्रश्न चुकीचा नाही. इतिहासाला तो विचारावाच लागतो. पण या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे, आणि ती मला मान्य नाही. समजूत अशी की, आधी थडगे असते, मग त्याभोवती दंतकथा जमतात. थडगे खरे आणि कथा त्यावर चढलेली शेवाळ. विदर्भातच चार ठिकाणी फिरून पाहिले तर हे टिकत नाही.

नागपूरच्या आसपासची शिळावर्तुळे घ्या. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, नैकुंड. मोठाले धोंडे गोलाकार मांडलेले, मधे दगडगोट्यांची रास आणि खाली पुरलेली माणसे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही दफने आहेत. माहुरझरीला माणसाबरोबर घोडा पुरलेला सापडला, घोड्याची तांब्याची आभूषणे सापडली. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ज्याच्याबरोबर घोडा पुरतात तो कुणी साधा माणूस नसणार; टोळीचा नायक असेल, नायकाचा मुलगा असेल. थडगे आहे, हाडे आहेत, हत्यारे आहेत, त्याचा काळही ठरवता येतो. पण त्याचे नाव नाही. तो कशाने मेला, त्याच्या आईने काय केले, कुणी त्याच्यासाठी गायले का, यातले एक अक्षर आपल्यापर्यंत आलेले नाही. सांगणाऱ्यांची साखळी कुठेतरी तुटली आणि दगड मुके झाले. पुराव्याच्या बाबतीत ही जागा कचारगडपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. माघ पौर्णिमेला तिथे कुणी जात नाही.

आता एक खराखुरा राजपुत्र घेऊ. अकबराचा मुलगा मुराद. अहमदनगरच्या वेढ्यात चांदबीबीसमोर मोगलांची फौज त्याच्या हाताखाली होती. १५९६च्या तहाने वऱ्हाड मोगलांना मिळाले ते याच मोहिमेत. बाळापूरजवळ त्याने शाहपूर नावाचे ठाणे वसवले. १५९९ मध्ये, वयाची तिशी गाठण्याआधी, दारूने पोखरलेला हा मुलगा दख्खनेत मेला. त्याला परत न्यायला बापाने पाठवलेला माणूस दुसरातिसरा कुणी नव्हता, अबुल फजल होता. तो छावणीत पोचला आणि राजपुत्राने प्राण सोडला. याहून भक्कम पुरावा कोणता असणार? त्या काळातला सर्वांत मोठा इतिहासकार मृत्यूच्या वेळी हजर होता. जन्मसाल आहे, मृत्युसाल आहे, बापाचा शोक लिहून ठेवलेला आहे. तरीही वऱ्हाडात मुरादची आठवण म्हणून कुणी दिवा लावत नाही, एक ओवी नाही, एक म्हण नाही. तो कागदावर शिल्लक राहिला. ज्या मातीत तो मेला तिने त्याला आपला मानले नाही.

चंद्रपूरला मात्र दोन्ही गोष्टी आहेत. अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्यांमध्ये वीरशहाची समाधी आहे, भव्य, देखणी, आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असलेली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी हिराईने ती नवऱ्यासाठी बांधली. वीरशहाची हकीकत चंद्रपुरातल्या माणसाला अजून पाठ असते. त्याच्या मुलीचा देवगडच्या दुर्गशहाने अपमान केला. वीरशहाने त्याचे शिर महाकालीला वाहण्याची शपथ घेतली, लढाईत ती पुरी केली. महाकालीच्या देवळावर देवगडच्या दिशेला तोंड केलेले दगडी शिर दाखवतात ते त्याचेच, असे म्हणतात. पुढे दुसऱ्या लग्नाच्या प्रसंगी हिरामण नावाच्या रजपूत शरीररक्षकाने वीरशहाला मारले. हिराईला मुलगा नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेऊन राज्य सांभाळले. या गोष्टीतला कोणता धागा दस्तऐवजातला आणि कोणता लोकांनी विणलेला, हे वेगळे काढणे इतिहासकाराचे काम आहे, त्याने ते करावे. पण समाधी बघायला गेलेल्या माणसाने फक्त कमानी मोजल्या आणि शपथ ऐकली नाही, तर तो हिराईच्या दुःखापर्यंत पोचला असे मी मानणार नाही. ती इमारत एका बाईने एका कथेच्या शेवटी उभी केली आहे.

या तिन्ही जागा आणि कचारगड शेजारी ठेवले की माझ्या मनात एक गोष्ट पक्की होते. मेलेला माणूस टिकतो तो कबरीच्या आकाराने नव्हे, तारखेच्या अचूकपणानेही नव्हे. त्याची गोष्ट सांगणे हे कुणाचे तरी काम असावे लागते. पिढीजात काम, नेमून दिलेले काम, ज्याचा मोबदला मिळतो आणि जे चुकले तर जाब विचारला जातो. गोंडांमध्ये हे काम प्रधानांचे. आणि हिरासुका हा प्रधानांचा मूळपुरुष मानला जातो.

हे नीट लक्षात घ्यायला हवे, कारण कचारगडच्या कथेचे सगळे वजन इथे आहे. शिळेखाली राजा गेला नाही, राजपुत्र गेला नाही, योद्धा गेला नाही. गेला तो गाणारा. दुसऱ्या समाजांच्या उगमकथांत वीर मरतो आणि भाट मागे राहून त्याचे गुण गातो. इथे भाटच मेला आणि ज्यांच्यासाठी मेला त्यांनी त्याच्या वंशाला कायमचे देणे लागत असल्याचे मान्य केले. प्रधान यजमानाच्या दारी येतो, किंगरी काढतो, घराण्याच्या देवाचे आणि पूर्वजांचे नाव गातो. तीन तारांचे ते छोटे वाद्य, गजाने वाजणारे, आवाज नाजूक, थोडा किनरा. शेजारी बसल्याशिवाय नीट ऐकू यायचे नाही. घरात मृत्यू झाला की प्रधानाला बोलवायचे, आणि मृताचे कपडेलत्ते त्याला द्यायचे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात ही चाल नोंदलेली आहे. आपल्या शामराव हिवाळ्यांनी नर्मदाखोऱ्यातल्या प्रधानांवर १९४६ साली अख्खे पुस्तक लिहिले, त्यातही या नात्याचे सविस्तर वर्णन आहे. मेलेल्या माणसाचे कापड गाणाऱ्याच्या अंगावर चढते. एका समाजाने मरणाची आठवण कुणाच्या स्वाधीन केली आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

म्हणून 'हिरासुकाची समाधी कुठे?' असे कुणी विचारले तर मी सांगेन, प्रधानाच्या घरी खुंटीला टांगलेली आहे.

आता याविरुद्ध जे म्हटले जाते त्याला सामोरे जायला हवे, कारण आक्षेप फालतू नाहीत.

पहिला आक्षेप असा की, कथा एक नाही. स्कॉटलंडहून नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी प्रधानाच्या तोंडून लिंगोचे गाणे लिहून घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये छापले. त्या गाण्यात महादेव गोंडांना धवलगिरीच्या गुंफेत कोंडतो, सोळा हात लांबीचा धोंडा तोंडावर लावतो आणि भस्मासुराला पहाऱ्यावर बसवतो. चार जण निसटतात आणि कचीकोपा लोहागडला पोचतात. त्यांचा लिंगोही एकदा मरतो: त्या चौघा भावांनीच त्याला बाणांनी मारलेले असते, पुढे अमृत शिंपडून तो उठवला जातो. कोंडलेल्यांची सुटका करण्यासाठी लिंगोला समुद्राकाठच्या प्रचंड पक्ष्याची पिल्ले आणावी लागतात. किंगरीच्या सुरांनी शिळा निखळली असे तिथे नाही. कचीकोपा लोहागड म्हणजेच आपला कचारगड असे गोंडी अभ्यासक सांगतात. पण गुंफा इथली की धवलगिरीची, सोडवणूक सुरांनी झाली की पराक्रमाने, यावर गाणीच एकमेकांशी भांडतात.

भांडू द्यावीत. रामकथेच्या किती आवृत्त्या आहेत आणि आपण त्यातली कोणती खोटी म्हणून टाकली? तोंडी परंपरा एकाच पाठाची राहिली तर ती मेली असे समजावे. कुणीतरी ती छापून बंद केली असा त्याचा अर्थ. अदिलाबादकडचा प्रधान एक सांगतो, सालेकशाकडचा दुसरे सांगतो, कारण दोघेही अजून सांगत आहेत.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कचारगडची आजची यात्रा फार जुनी नाही, असे म्हणतात. ते खरेच आहे. नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली, 'गोंडवाना दर्शन'चे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८०च्या दशकात या जागेचा माग काढला, थोड्या माणसांनिशी इथे येऊ लागले आणि त्यातून आजचा मेळा उभा राहिला. कंगाली रामटेक तालुक्यातले, रिझर्व्ह बँकेत नोकरी करून आयुष्यभर गोंडी भाषा, धर्म आणि गोत्रव्यवस्थेचा अभ्यास केलेले. २०१५ मध्ये ते गेले. आज धनेगावच्या वाटेवर ऐकू येणारी कथा बरीचशी त्यांनी मांडलेल्या रूपातली आहे. सिंधू लिपीचा उलगडा गोंडीतून होतो हे त्यांचे मत मला पटत नाही, आणि त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती टिकतील असे मी म्हणणार नाही. मग ही परंपरा बनावट ठरते का?

याचे उत्तर मी आळंदीला शोधतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये संजीवन समाधी घेतली. पुढच्या तीन शतकांत त्या जागेवर रान माजले. मग एकनाथांच्या स्वप्नात ज्ञानेश्वर आले, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे ती काढ म्हणाले, नाथ आळंदीला गेले, जागा मोकळी केली, आणि शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. माउलींच्या पादुका पालखीत घालून लवाजम्यानिशी पंढरीला नेण्याची आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली, ती एकोणिसाव्या शतकात. म्हणजे समाधी तेराव्या शतकातली, तिचा शोध सोळाव्यातला आणि तोही स्वप्नातून, सोहळ्याचे रूप एकोणिसाव्यातले. या कारणाने कुणी वारीला बनावट म्हटले आहे का? म्हणू नये. विसरलेली जागा पुन्हा सापडणे, कुणा जाणत्याने तिची वाट मोकळी करणे आणि लोकांनी त्या वाटेने चालायला लागणे, हीच जित्या परंपरेची रीत आहे. जी गोष्ट आपण आळंदीला मोठेपणा म्हणून सांगतो तीच कचारगडला दोष म्हणून सांगायची, हा अन्याय आहे. आणि तो अन्याय आपण मराठी माणसे फार सहज करतो, कारण आळंदी आपली वाटते आणि दरेकसा नकाशाच्या कडेला पडते.

इथे हिस्लॉप यांच्या शेवटाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १८६३च्या सप्टेंबरात ते टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटला गेले होते, तीच शिळावर्तुळे बघायला ज्यांचा उल्लेख मी वर केला. परतताना एकटे मागे राहिले आणि बोरीजवळ फुगलेला नाला घोड्यावरून ओलांडताना बुडाले. नावे हरवलेल्या माणसांची थडगी तपासून येत असताना, गोंडांचे गाणे कागदावर उतरवलेला हा माणूस वाहून गेला. त्याचे कागद राहिले. नागपुरात त्यांच्या नावाचे कॉलेज आहे, तिथे हजारो मुले शिकून गेली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हिस्लॉप आणि टेंपल ही दोन नावे आहेत. ज्या प्रधानाच्या गळ्यातून ते गाणे आले त्याचे नाव त्या पानावर नाही. हिरासुका पुन्हा एकदा दगडाखाली गेला, असे मला ते पान बघताना वाटते.

आणि आज तिसऱ्यांदा तेच घडण्याची वेळ आली आहे, म्हणून हा लेख लिहायला बसलो.

जुन्या वास्तू जपण्याचा १९५८चा कायदा आपल्याकडे आहे. शंभर वर्षे झालेली इमारत, लेख, गुंफा, थडगे त्यात येते. वीरशहाची समाधी त्यामुळे उभी आहे, आणि ते चांगलेच आहे. कचारगडला पायऱ्या व्हाव्यात, प्यायला पाणी असावे, म्हाताऱ्या माणसांना चढता यावे, याबद्दलही दुमत नाही. पण विकास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सिमेंट येते. आशियातली सर्वांत मोठी गुंफा असा फलक लावला की जागेचे महत्त्व सांगून झाले, असे आपल्याला वाटते. गुंफा मोठी आहे खरी. आत शिरल्यावर छत दिसेनासे होते, वरच्या भोकातून उजेड खाली उतरतो आणि आपसूक आपला आवाज खाली येतो. पण मोठ्या गुंफा पुष्कळ आहेत. गाणारा मेला म्हणून लोक जिथे जातात अशी गुंफा मला दुसरी माहीत नाही. या जागेचे जे मोल आहे ते खडकात साठवलेले नाही, सांगण्यात आहे, आणि सांगणे गोंडी भाषेत आहे.

त्या भाषेची अवस्था काय? २०११च्या जनगणनेत सुमारे तीस लाख माणसांनी आपली मातृभाषा गोंडी लिहिली. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या पुष्कळ गोंड घरांत आता मुले मराठी किंवा हिंदीच बोलतात; देवाची पूजा, म्हणजे गोंगो, करताना गोंडी, एरवी नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि गावाला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मुलांना आईच्या भाषेत शिकवावे म्हणून गावाला वकील द्यावा लागतो, आणि दुसरीकडे आदिवासी संस्कृतीच्या महोत्सवात त्याच गावाकडून नाच मागितला जातो.

प्रधानांचे यजमान गेले, कारण यजमानांचीच शेती गेली, जंगल गेले. ज्या घरात खायला नाही ते गाणाऱ्याला काय देणार? जो मान आणि शिधा तीन पिढ्यांपूर्वी हक्काचा होता तो पुढे भीक वाटू लागला, आणि पोरांनी किंगरी हातात धरायची सोडली. यात त्या पोरांचा दोष नाही. मध्य प्रदेशातल्या पाटणगडचा जनगडसिंह श्याम हा असाच प्रधानाचा मुलगा. १९८०च्या दशकात जगदीश स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळच्या भारत भवनात आणले आणि गाण्यातले देव त्याने रंगांत उतरवले. आज ज्याला जग गोंड चित्रकला म्हणून ओळखते ती बरीचशी या गाणाऱ्यांच्या वंशजांची आहे. तेलंगणातल्या गुंजाळा गावात २००६ मध्ये गोंडीच्या एका वेगळ्याच लिपीतली जुनी हस्तलिखिते उजेडात आली. ती लिपी आता संगणकाच्या युनिकोडमध्येही आहे. म्हणजे सांगण्याची असोशी मेलेली नाही. वाट मिळाली की ती बाहेर येते, गुंफेतल्या मुलांसारखी. पण प्रत्येक वेळी ती वाट कुणी बाहेरच्याने, योगायोगाने दाखवावी लागते, ही आपल्या राज्यासाठी भूषणाची गोष्ट नाही.

महाराष्ट्रात लोककलावंतांना मानधन मिळते, शाहिरांना मिळते, तमाशाला अनुदान असते. किंगरी वाजवून घराण्याची गाथा गाणाऱ्या प्रधानाला त्या यादीत त्याच्या नावाने, त्याच्या कामाच्या नावाने जागा हवी. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या महाविद्यालयांत मराठी लोकसाहित्य शिकवले जाते; तिथे लिंगोचे गाणे मूळ गोंडीतून, गाणाऱ्याला वर्गात बोलावून शिकवता येईल. त्याला त्या दिवसाचे पैसे द्यावेत, प्राध्यापकाला देतात तसे. कचारगडच्या यात्रेत मोठे मंच असतात, भाषणे होतात, ध्वनिक्षेपक लागतात. आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे: एक रात्र ध्वनिक्षेपक बंद ठेवा. किंगरीचा आवाज लहान आहे, त्यापुढे दुसरे काही चालू नसेल तरच तो पोचतो.

आणि वाचकहो, पुढच्या माघ पौर्णिमेला तुम्ही दरेकसाला उतरलात, धनेगावच्या वाटेवर झाडाखाली तीन तारांचे वाद्य घेऊन बसलेला कुणी म्हातारा दिसला, तर फोटो काढून पुढे जाऊ नका. बसा. तो म्हणाला तर गाणे मोबाइलवर उतरवून घ्या, आणि त्या ध्वनिमुद्रणाला नाव देताना त्याचे नाव, गाव आणि तारीख आधी लिहा, तुमचे नंतर. एक प्रत त्याच्या नातवाच्या मोबाइलमध्ये टाकून मगच गाडीला निघा.